रघुनाथाचं चुकलं का?

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या परंड्याकडच्या वाशीत माझ्या घरी दोन गोष्टी एकदमच येतात. टेबलावर अकरावीच्या सराव परीक्षेचे पेपर, आणि खिडकीतून ज्वारीच्या नव्या कडब्याचा वास. पेपर तपासायला बसावं तर वास उठवतो, उठून गॅलरीत जावं तर पेपर आठवतात. नवरा म्हणतो, या दिवसांत तुझा चहासुद्धा धड होत नाही. खरंय त्याचं. एक तर साखर दोनदा पडते, नाहीतर पडतच नाही.

यंदा मराठीच्या पेपरात एक प्रश्न मीच काढला होता. ‘कथेच्या नायकाने घेतलेला निर्णय तुम्हाला योग्य वाटतो का? सकारण लिहा.’ पोरं मोठी हुशार. ‘नाही’ लिहिलं तर बाई गुण कापतील, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळं सगळ्यांचा नायक योग्य, सगळ्यांचा नायक थोर, आणि कारणं सगळ्यांची एकाच गाईडातली. एका पोरीनं मात्र लिहिलं होतं, ‘निर्णय घेताना त्याच्या घरी कोण कोण होतं ते कथेत सांगितलेलं नाही. म्हणून मला नीट सांगता येत नाही.’ मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि पेन खाली ठेवलं. मग काही तपासणं झालं नाही. मन परंड्याकडं पळालं.

परंड्याच्या अलीकडं, कुर्डुवाडीची एसटी जिथं धुरळा उडवत वळते, तिथं आमचं गाव. काळी जमीन आणि रब्बीची ज्वारी. सुगीत सगळं शिवार पिवळं पडलेलं असायचं आणि पाखरं हाकलता हाकलता माणसांचे आवाज बसायचे. ज्वारी उपटून पेंढ्या बांधून झाल्या की त्या खळ्याभोवती रचायच्या आणि मग कणसं मोडायला बायकांनी ओळीनं बसायचं. साडीवर पुरुषांचा जुना फुल शर्ट, डोक्याला टॉवेल, नाकावरून पदर. नुसते डोळे दिसायचे. कोंडा असा बारीक उडायचा की गळ्यात, कोपरात, कानामागं खाजून जीव जायचा. न्याहारीला कडक भाकरी, लसणाची चटणी आणि गाडग्यातलं ताक. आजही मला कुणी ‘सुख’ म्हणालं की आधी ते गार ताक घशात उतरल्यासारखं वाटतं. काय करू, माझी धाव तिथवरच.

ही मोडणी आमच्याकडं सावडीनं व्हायची. आज तुमच्या खळ्यावर आम्ही, उद्या आमच्या खळ्यावर तुम्ही. मजुरी नाही, हिशेब नाही, फक्त येणं. सावडीचा एक कडक कायदा होता. घरात कितीही भांडण असू द्या, सावडीत पाठ फिरवायची नाही. बोलू नका एकमेकींशी, पण येऊन बसायचं. म्हणून तर माझी आई आणि माझी मोठीमाय, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको, या सख्ख्या जावा माझ्या लग्नाआधीच्या सुगीत एकाच ओळीच्या दोन टोकांना बसलेल्या असायच्या. दोघींची तोंडं दोन दिशांना. मधे पाच-सहा बायका आणि तीन-चार वर्षांचा अबोला.

अबोल्याचं कारण म्हणजे मी, किंवा नीट सांगायचं तर माझा चष्मा. मला बघायला कुर्डुवाडीकडचं एक स्थळ आलं होतं. घर चांगलं, जमीन पाण्याखालची. आईनं ऐनवेळी माझा चष्मा काढून डब्यात ठेवला. मी आंधळ्यासारखी ट्रे घेऊन गेले आणि पहिला कप नवऱ्या मुलाला द्यायचा सोडून त्याच्या मामाला दिला, आणि दुसरासुद्धा मामालाच. मुलाच्या आईला शंका आली असावी. आत हळदीकुंकू लावून घेताना तिनं मोठीमायला सरळ विचारलं, “पोरीला चष्मा-बिष्मा हाय काय?” मोठीमाय म्हणाली, “हाय की. त्याच्याबिगर तिला समोरचं माणूस वळखू येत न्हाय.” झालं. मंडळी पोहे संपवून, पाणी पिऊन गेली ती गेलीच.

आईचं म्हणणं, खोटं बोला असं कोण म्हणतंय, पण गप तरी बसायचं होतं. मोठीमायचं म्हणणं, तोंडावर विचारल्यावर गप बसणं म्हणजे खोटंच की. दोघींचंही मला पटायचं. तीच तर पंचाईत. मोठीमायनं मला लहानपणी न्हाऊ-माखू घातलेलं, आई शेतात जायची तेव्हा तिच्याच मांडीवर मी झोपायचे. आणि आता तिच्या दारावरून जाताना आईची मान दुसरीकडं वळायची. मला ते बघवायचं नाही.

पुढं माझं लग्न ठरलं, वाशीतल्या एका मास्तराशी. आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिल्याच भेटीत चष्म्याचं सांगून टाकलं. मुलानं आपला चष्मा पुसला, माझ्यापेक्षा जाड, आणि म्हणाला, “मग जमतंय की.” लग्न पाडव्यानंतरचं. आता प्रश्न एकच उरला होता. आमच्या घरात हळदीचं जातं मांडलं की खुंट्याला पहिला हात थोरल्या सुनेनं लावायचा, ही रीत. म्हणजे मोठीमायनं. मोठीमाय म्हणायची, “बोलावलं तर बघू.” आई म्हणायची, “बोलवायला त्या काय परक्या हाईत? आणि आल्या न्हाईत तर जातं मांडायचंच न्हाय. बाजारातली पुडी आणू हळदीची.” हे म्हणून झालं की ती उगीच भांडी घासत बसायची. पुडीतल्या हळदीनं माझं लग्न लागलं नसतं असं नाही. पण मोठीमायचा हात लागल्याशिवाय मी त्या घरातून निघायचं, ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

साखरपुडा झालेल्या पोरीनं उन्हात कणसं मोडायची नसतात, तोंड काळवंडतं म्हणे. पण घरात एकटी बसून मी काय करणार? म्हणून मी खळ्यावर जायचे आणि लिंबाच्या सावलीत पुस्तक घेऊन बसायचे. परंड्याच्या वाचनालयातून आणलेली एक कादंबरी होती, खाकी पुठ्ठ्याची, मधेमधे वाळवीनं चाखलेली. एकदा जैतूनमावशी म्हणाल्या, “एकटीच काय वाचायलीस? मोठ्यानं वाच की. आमचे हात गुतलेत, कान तर रिकामे हाईत.” जैतूनमावशींचं शेत आमच्या बांधाला लागून. त्या जुन्या, त्यांचा शब्द खळ्यावर चालायचा. मी वाचायला लागले, आणि सुगी संपेपर्यंत मला कुणी थांबू दिलं नाही.

गोष्ट रघुनाथाची होती. साधा शेतकरी माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचा थोरला भाऊ तापट. एकदा रागाच्या भरात तो दुसऱ्याच्या कडब्याची गंजी पेटवून देतो. रघुनाथ ते बांधावरून स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. पण आळ येतो राखणदार भिवावर. पंच बसतात. सगळ्या गावासमोर रघुनाथाला विचारतात, तू त्या वाटेनं आलास, तुला कोण दिसलं? खरं सांगावं तर भाऊ तुरुंगात, भावाची चिल्लीपिल्ली रस्त्यावर. गप बसावं तर भिवाचं घर उठतं. इथं प्रकरण संपलं आणि मीही पुस्तक मिटलं, कारण ऊन डोक्यावर आलं होतं.

खळ्यावर नुसता कल्ला झाला. पारू, नवीनच लग्न होऊन गावात आलेली सून, म्हणाली, “भावाला कसं अडकवायचं? एका आईच्या पोटचा हाय.” दुसरी म्हणाली, “आणि भिवाला काय आई नव्हती?” जैतूनमावशी म्हणाल्या, “रघुनाथ लई गरीब माणूस हाय गं. त्याला असल्या कचाट्यात घालायला नको होतं लिहिणाऱ्यानं.” जसा काही लिहिणारा मागच्या गल्लीत राहतो आणि त्याला जाऊन झापता येईल. भाकरी खाताना रघुनाथ, पेंढ्या ओढताना रघुनाथ. घरी परतताना ओढ्यापाशी दोघी उभ्या राहून त्याच्याविषयीच बोलत होत्या. गावात त्याचं रेशनकार्ड तेवढं नव्हतं.

नंतर मी कॉलेजात शिकले, शिकवायला लागले, नायकांविषयी मोठमोठी व्याख्यानं ऐकली. तिथं नायकाला लांबून बघायची रीत आहे, म्हणजे त्याचा स्वभाव सांगायचा, त्याच्या मनातला संघर्ष सांगायचा आणि चहा प्यायला जायचं. खळ्यावर असं लांबून बघणं जमतच नसे. तिथं प्रत्येक बाई रघुनाथाच्या जागी स्वतः बसून यायची, आणि येताना आपल्या सासरचं, माहेरचं काहीबाही घेऊन यायची. पारूला तिचा भाऊ दिसत होता. जैतूनमावशींना त्यांचा दीर दिसत असावा, कारण त्या मधेच गप व्हायच्या. कल्पनेतल्या माणसाचा न्याय करायचा म्हटलं की माणूस मोकळं होतं, हे मला तिथं कळलं. खऱ्या माणसाविषयी बोलताना जीभ अडते. रघुनाथाला काय, कितीही बोला, तो थोडाच उलटून बोलणार आहे.

दुसऱ्या दिवशी सगळ्या लवकर आल्या. ऊन अजून कोवळं होतं, पेंढ्यांवर दव होतं, आणि मी चष्मा पुसून वाचायला लागले. रघुनाथ पंचांपुढं उभा राहतो. भावाकडं बघत नाही, भिवाकडं बघत नाही. खाली मातीकडं बघून म्हणतो, “मला कोणी दिसलं नाही.” भिवा त्याच दिवशी बायकापोरं घेऊन गाव सोडतो.

कणसं मोडल्याचा कटाकटा आवाज तेवढा येत होता. माझी नजर आपसूक मोठीमायकडं गेली. मला वाटलं, आता ही रघुनाथाला सोलून काढणार. तोंडावर विचारल्यावर गप बसणं म्हणजे खोटंच, हे तिचं वाक्य मला पाठ होतं.

मोठीमाय म्हणाली, “बरं केलं त्यानं.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तेवढ्यात दुसऱ्या टोकाकडून आईचा आवाज आला. “जैतूनबी, तुमीच सांगा, काय बरं केलं त्यानं? विचारल्यावर खरं सांगायला पाहिजे का न्हाय?”

दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, हे लक्षात ठेवा. आई जैतूनमावशींना उद्देशून बोलायची आणि मोठीमाय मला उद्देशून. मधल्या बायकांच्या माना मात्र इकडून तिकडं, तिकडून इकडं.

मोठीमाय मला म्हणाली, “खरं बोलणाऱ्याचं काय जातंय गं बाय? ते बोलतंय आणि हात झटकून मोकळं होतंय. ते खरं ज्याच्या घरात पडतंय, त्यांनी निस्तरायचं. त्या भावाच्या पोरांनी काय केलं होतं?”

आई जैतूनमावशींना म्हणाली, “आणि खोट्यावर घर उभं केलं तर? एक दिस निभतं. मग रोज निभवावं लागतं. आज झाकलं, उद्या झाकलं, कवातरी उघडं पडणारच की. त्यापरास पहिल्याच दिवशी कळलेलं बरं. माणूस जाईल तर जाईल.”

“गेल्यावर कुणाच्या डोळ्याला पाणी येतं, ते बघितलंय म्या,” मोठीमाय म्हणाली. हात थांबला होता तिचा.

“ज्याला जायचंच होतं ते गेलं. बरं झालं गेलं,” आई म्हणाली. तिचाही हात थांबला होता.

जैतूनमावशींनी हातातलं कणीस खाली ठेवलं. नाकावरचा पदर काढला. “थांबा गं जरा. एक बात सांगा मला. इतकी वर्सं ही म्हणायची गप बसायचं, आणि ती म्हणायची खरं बोलायचं. आता ही म्हणायली खरं बोलायचं, आणि ती म्हणायली गप बसायचं. मग तुमी दोघी भांडायलाव कशापायी?”

आधी पारू हसली. मग एकेक करत सगळी ओळ हसायला लागली. कोंडा नाकात जाऊन कुणाला ठसका लागला, कुणी पदर तोंडात कोंबला. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, चष्म्याच्या काचा धुरकट झाल्या होत्या. मला तेव्हा उमगलं की या दोघी इतकी वर्षं रोज मनातल्या मनात एकमेकीशीच बोलत होत्या. एकमेकीचं म्हणणं घोकून घोकून दोघींना ते पटलं होतं, आणि सांगायचं कसं हे एकीलाही कळत नव्हतं. रघुनाथ आला आणि त्याच्या नावावर सगळं बोलून झालं.

आई आणि मोठीमाय हसल्या नाहीत. आई खाली मान घालून कणसं मोडत राहिली. बऱ्याच वेळानं मोठीमाय उठली, गुडघ्यावर हात देऊन, आणि ओळीच्या मागून चालत आईजवळ आली. मला वाटलं, आता गळ्यात पडतील. कसलं काय. कमरेवर हात ठेवून तिनं विचारलं, “जात्याला टाकी लावून घेतलीस का? पार गुळगुळीत झालंय ते.”

आई म्हणाली, “न्हाय, अक्का.”

“मग हळद कशावर दळणार हाईस, माझ्या कपाळावर?” असं म्हणून मोठीमाय तिथंच आईच्या बाजूला बसली आणि आईच्याच पेंढीतली कणसं मोडायला लागली. मी पुस्तक तोंडासमोर धरलं. अक्षरं दिसत नव्हती तरी धरलं.

त्या दिवसानंतरची सुगी मला आठवते ती नुसत्या आवाजांनी. शेजारी शेजारी बसून दोघींनी इतकी वर्षं साठवलेलं बोलून घेतलं. कुणाच्या म्हशीचं काय झालं, कुणाच्या सुनेनं काय केलं, कोणतं लोणचं नासलं. मधेमधे मला वाचायला जागाच मिळेना. आणि रघुनाथाचं नशीब बघा. पुढं तो भिवाला शोधून काढतो, त्याला गावात परत आणतो आणि स्वतःच्या वाटणीची जमीन त्याला देऊन टाकतो, का देतोय ते मात्र सांगत नाही. मला तर हे वाचताना भरून आलं. पारूनं डोळे पुसले. पण आई आणि मोठीमाय आता एका बाजूला होत्या आणि दोघी मिळून त्या बिचाऱ्यावर तुटून पडल्या.

“जमीन दिली म्हणजे झालं का?” आई म्हणाली.

“तोंडानं सांगायला पाहिजे होतं त्याला,” मोठीमाय म्हणाली. “बाबा, चुकलं माझं. एवढंच.”

“तेवढं म्हणायला काय जातंय माणसाचं?” आई म्हणाली.

आता तुम्हाला सांगते, या दोघींपैकी एकीनंही दुसरीला आजतागायत ते म्हटलेलं नाही. मी नीट लक्ष ठेवून आहे.

लग्नात मोठीमायनं खुंट्याला पहिला हात लावला आणि दुसरा हात कुणाला लावूच देईना. आईनं अर्धं जातं ओढून घेतलं. हळद इतकी दळली की उरलेली शेजाऱ्यांच्या वरणात गेली. नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावरचा त्या हळदीचा डाग पुढं कैक धुण्यांत गेला नाही, आणि मला तो घालवायचाही नव्हता.

आता खळी राहिली नाहीत. ज्वारी कमी झाली, सोयाबीन आलं, आणि मशीन आलं की कणसं मोडायचं कामच उरत नाही. जैतूनमावशी गेल्या. पारू स्वतः सासू झाली. पण आईला आणि मोठीमायला सुगी आली की वाचलेलं ऐकायची चटक लागते. आबा, म्हणजे माझे थोरले चुलते, आणि दादा दोघंही गेल्यापासून त्या एकाच घरात राहतात, एकाच चुलीवर भांडतात. मग संध्याकाळी मी वाशीतून फोन लावते. तिकडं फोन स्पीकरवर ठेवून तो मिठाच्या डब्याला टेकवतात आणि मी वाचते. आतापर्यंत कितीतरी नायकांचा त्यांनी निकाल लावला. एकाला माफ केलं, दुसऱ्याला हाकलून दिलं, आणि एका डॉक्टरला तर इतकं बोलल्या की मलाच त्याची बाजू घ्यावी लागली.

परवा पेपर बाजूला सारून मी फोन लावला आणि पुस्तक उघडायच्या आधी विचारलं. त्या पोरीच्या उत्तरानं माझ्या मनात ते आणून ठेवलं होतं. म्हटलं, “मोठीमाय, एक सांग. तेव्हा त्या बाईनं चष्म्याचं विचारलं, तू खरं सांगितलंस. ते बरं केलंस का वाईट?”

तिकडं मिठाचा डबा सरकल्याचा आवाज आला. मागं कुठंतरी शेळी ओरडत होती.

“मला अजून कळलं न्हाय,” मोठीमाय म्हणाली. “तुझ्या आईला विचार.”

“मलाबी न्हाय कळलं,” आई म्हणाली. “तू वाच पुढं. चार्जिंग संपायली.”